दक्षिण टोंकाच्या तीन वाटा

पृथ्वीच्या नकाशावर दक्षिण अमेरिका खंडाकडे पाहिलें तर तें वर रुंद व खालीं निमुळतें होत गेलेलें दिसतें. त्याचें शेंपूट जेथें संपतें तेथें जमीन एकसंध राहिलेली नाहीं. हिमनद्यांनीं कोरलेल्या दऱ्यांत समुद्र शिरून तिचे शेंकडों तुकडे झाले आहेत, आणि या तुकड्यांच्या मधून व भोंवतालून अटलांटिक महासागराचें पाणी पॅसिफिक महासागराच्या पाण्यास मिळतें. एका महासागरांतून दुसऱ्यांत जाण्यास निसर्गानें येथें तीन वाटा ठेविल्या आहेत. उत्तरेची वाट मॅगेलनची सामुद्रधुनी, मधली अरुंद व लांबट अशी बीगल खाडी, आणि सर्वांत दक्षिणेची म्हणजे हॉर्न भूशिरास वळसा घालून जाणारी मोकळ्या समुद्राची वाट. १९१४ सालीं पनामाचा कालवा खुला होईपर्यंत युरोपांतून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघालेल्या जहाजास यांवांचून जवळचा जलमार्ग नव्हता.

या वाटांचा इतिहास बहुधा त्या ओलांडून गेलेल्यांनीं लिहिला आहे. तेथें जे पिढ्यानपिढ्या राहत होते, किंवा ज्यांना तेथें आणून सोडण्यांत आलें, त्यांची हकीकत त्या इतिहासाच्या समासांत राहिली. मूळ मजकूर वाचतांना समासाकडेही नजर टाकावयास हवी.

परंतु प्रथम तेथील वारा समजला पाहिजे. आफ्रिका खंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस ३५ अंशांच्या आंतच संपतें. हॉर्न भूशिर जवळजवळ ५६ अंशांवर आहे. इतक्या दक्षिणेस पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या वाऱ्यास व लाटेस अडवील अशी जमीनच नाहीं. कोंकण किनाऱ्यावरील नाखव्याचा सारा हिशेब वारा ऋतूबरोबर फिरतो या भरंवशावर बसविलेला असतो. आषाढांत नैर्ऋत्येकडून येणारा वारा थंडींत ईशान्येकडून येणार हें त्यास पक्कें ठाऊक असतें, म्हणून पावसाळ्यांत होडी किनाऱ्यावर ओढून तो नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. हॉर्नच्या समुद्रांत असा हिशेब चालत नाहीं. तेथें बारा महिने वारा मुख्यतः पश्चिमेकडूनच येतो. लाट त्याच दिशेनें येते, आणि पाण्याचा ओघही पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. हॉर्न भूशिर व त्याच्या दक्षिणेची शेटलंड बेटें यांमधील सुमारें ५०० मैलांच्या दरवाज्यांतून दर सेकंदास तेरा ते सतरा कोटी घनमीटर पाणी वाहत असतें. पृथ्वीवरील सर्व नद्या एकत्र केल्या तरी त्यांचें पाणी याच्या शंभराव्या हिश्शाइतकेंही भरत नाहीं. शिवाय खोल महासागरांतून येणारी लाट भूशिराजवळच्या उथळ तळावर चढली कीं ती उंच व उभी होते. अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणारें जहाज या तिहींच्या तोंडावर चालतें. पुढील चार शतकांतील हालअपेष्टांचें मूळ बहुतांशीं एवढ्या एका गोष्टींत आहे.

या प्रदेशांत युरोपीय माणूस आला तो लवंगेपायीं. त्या काळीं लवंग मोलुक्का बेटांखेरीज जगांत कोठेंच पिकत नसे. मॅगेलन या नांवानें जगास परिचित असलेला पोर्तुगीज दर्यावर्दी १५०५ सालीं पहिला व्हाइसरॉय अल्मैद याच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानकडे आला, आणि १५११ सालीं मलाक्का घेणाऱ्या फौजेंतही तो होता. पूर्वेकडील मसाल्याच्या व्यापाराचें गणित त्यानें हिंदी महासागरांतच जाणून घेतलें होतें. पुढें पोर्तुगालच्या राजाशीं त्याचें बिनसलें. तेव्हां तींच बेटें पश्चिमेकडून गांठून दाखवितों, असें सांगून त्यानें स्पेनच्या राजाकडून पांच जहाजें मिळविलीं, आणि २० सप्टेंबर १५१९ रोजीं सुमारें अडीचशें माणसें घेऊन तो सानलूकार बंदरांतून निघाला.

पुढच्या वर्षीं मार्चअखेर तो पाटागोनियाच्या ओसाड किनाऱ्यावरील सान हुलियान येथें हिंवाळा काढण्यासाठीं थांबला. तेथें तीन जहाजांवर बंड झालें. मॅगेलननें तें मोडून काढलें, एका कप्तानाचा शिरच्छेद करविला आणि दुसऱ्या एका सरदारास पाद्र्यासह त्या किनाऱ्यावर सोडून दिलें. किनाऱ्याची पाहणी करावयास पुढें पाठविलेलें एक जहाजही फुटलें. इतकें झाल्यावर २१ ऑक्टोबर १५२० रोजीं एका भूशिरास वळसा घालतांच त्यास आंत शिरणारें पाणी दिसलें.

ही सामुद्रधुनी सुमारें ३५० मैल लांब आहे. रुंदी कोठें दोन मैल, तर कोठें वीस. पूर्वेकडील भाग सपाट व रुक्ष, गवताळ माळांमधून जाणारा. पश्चिमेकडे डोंगर थेट पाण्यांत उतरलेले, त्यांवर पावसानें निथळणारीं अरण्यें आणि वर हिमनद्या. पूर्वेच्या तोंडाशीं मोठ्या भरतीला पाणी तीस फुटांहून अधिक चढतें, पश्चिमेकडे तें पांचसहा फुटांवर जात नाहीं. त्यामुळें पूर्वेकडील अरुंद जागांतून भरती-ओहोटीचा लोंढा महापुरांतल्या नदीसारखा धांवतो. डोंगराच्या घळींतून एकाएकीं कोसळणारे थंड झोत ही आणखी एक पीडा. पाणी इतकें खोल कीं कित्येक ठिकाणीं नांगर तळास लागत नाहीं. मॅगेलनच्या ताफ्यांतील सर्वांत मोठें जहाज या चक्रव्यूहांत फितूर होऊन बराचसा शिधा घेऊन स्पेनला परत गेलें. उरलेलीं तीन जहाजें ३८ दिवसांनीं, २८ नोव्हेंबरला, पलीकडच्या समुद्रांत आलीं. त्या दिवसांत तो समुद्र निवांत होता म्हणून त्यास 'शांत' हें नांव मिळालें. पुढील प्रवासांत त्याच समुद्रावर खलाशांनीं बिस्किटांचा किडका भुगा, भिजत घातलेलें डोलकाठीवरचें कातडें व उंदीर खाऊन दिवस काढले, असें पिगाफेता या इटालियन सहप्रवाशानें लिहून ठेविलें आहे. मॅगेलन फिलिपाइन बेटांत मारला गेला. १५२२ च्या सप्टेंबरांत एक जहाज व १८ माणसें मायदेशीं परतलीं.

सामुद्रधुनींतून जातांना दक्षिण किनाऱ्यावर रात्रीं जागोजाग जाळ दिसत. माणूस मात्र दिसेना. त्यावरून त्या भूमीस 'तिएर्रा देल फुएगो', म्हणजे अग्निभूमि, हें नांव पडलें. ते जाळ तेथील रहिवाशांच्या शेकोट्यांचे होते. नांव ठेवणाऱ्यांनीं अग्नि पाहिला, अग्नीजवळ बसलेला माणूस पाहिला नाहीं. पुढील तीन शतकें बहुधा असेंच चालत आलें.

अग्निभूमि हें बेट आहे कीं ध्रुवापर्यंत पसरलेल्या एखाद्या खंडाचें टोंक आहे, हें मॅगेलनला कळलें नव्हतें. १५२६ सालीं होसेस नांवाच्या स्पॅनिश कप्तानाचें जहाज वादळानें दक्षिणेस लोटलें गेलें, आणि तेथें जमिनीचा शेवट दिसला असें त्याच्या लोकांनीं सांगितलें; पण त्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १५७८ सालीं इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक आला. सान हुलियान येथें त्याच्या माणसांना मॅगेलनच्या वेळच्या वधस्तंभाचे अवशेष आढळले. आणि योगायोग असा कीं त्याच ठिकाणीं ड्रेकनेंही बंडाच्या आरोपावरून आपल्या एका सरदाराचा शिरच्छेद करविला. सामुद्रधुनी त्यानें अवघ्या सोळा दिवसांत पार केली. बाहेर पडतांच वादळानें त्याचें एक जहाज बुडविलें, दुसरें मागें फिरून इंग्लंडला गेलें, आणि तो स्वतः दक्षिणेकडे वाहवत गेला. तेथें खंड नाहीं, दोन महासागर मोकळेपणीं एक होतात, असा त्याचा निष्कर्ष झाला. हॉर्नपलीकडील समुद्रास पुढें त्याचेंच नांव मिळालें; स्पॅनिश लोक मात्र त्यास होसेसचा समुद्र म्हणतात.

ड्रेकनें पेरूच्या किनाऱ्यावर जी लूट केली तिच्यामुळें स्पेनच्या दरबारीं घबराट उडाली. सामुद्रधुनीचें दार बंद करावें, म्हणजे पॅसिफिक पुनः आपला खासगी तलाव होईल, असा विचार पुढें आला. त्याचा पुरस्कर्ता पेद्रो सार्मिएंतो दे गाम्बोआ हा विद्वान व जिद्दी गृहस्थ होता. त्यानें १५७९-८० मध्यें सामुद्रधुनीची स्वतः पाहणी केली होती, आणि तिच्या अरुंद जागीं किल्ले बांधून वसाहत करावी असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या फिलिप राजानें १५८१ सालीं २३ जहाजांचा प्रचंड काफिला दिला. परंतु सेनापति व सार्मिएंतो यांचें पटेना. वादळें, रोगराई व पळापळ यांनीं काफिल्याची चाळण झाली, आणि १५८४ च्या फेब्रुवारींत सामुद्रधुनीच्या तोंडाशीं उतरलीं तीं सुमारें तीनशें माणसें. त्यांत सैनिक होते, कारागीर होते, बायका व मुलें होतीं.

पूर्व तोंडाशीं एक गांव वसविलें. दुसरें, राजाच्या नांवाचें, बरेंच आंत, सामुद्रधुनीच्या मधल्या भागांत. मे महिन्यांत सार्मिएंतोचें जहाज नांगरास असतां वादळानें दोर तोडला आणि जहाज भर समुद्रांत लोटलें. त्यास परत तोंड गांठतां येईना. तो ब्राझीलला गेला, तेथून शिधासामग्री घेऊन परत फिरण्याचा त्यानें प्रयत्न केला. वादळांनीं तो हाणून पाडला. मग मदत मागावयास स्पेनला निघाला तों १५८६ सालीं इंग्रज चांच्यांनीं त्यास पकडलें. लंडनला एलिझाबेथ राणीशीं त्याचें लॅटिन भाषेंत संभाषण झालें व ती त्यास सोडून देण्यास राजी झाली. तेथून जातांना फ्रान्समध्यें तो पुनः पकडला गेला आणि काहीं वर्षें कैदेंत राहिला. सुटल्यावरही त्यानें राजाकडे अर्ज केले ते त्या वसाहतीसाठीं. तोंपर्यंत अर्ज करण्याजोगें तेथें कांहीं उरलें नव्हतें.

त्या लोकांना आणलेलें बीं रुजवितां आलें नाहीं. हिंवाळे त्यांनीं शिंपल्यांवर व मुळांवर काढले. १५८७ च्या जानेवारींत टॉमस कॅव्हेंडिश या इंग्रजाचीं जहाजें सामुद्रधुनींत शिरलीं तेव्हां किनाऱ्यावरून हांका ऐकूं आल्या. तेथें अठरा माणसें उरलीं होतीं, त्यांत तिघी स्त्रिया होत्या. तोमे एर्नान्देस नांवाचा एक सैनिक जहाजावर चढला. बाकीच्यांना नेण्याचें बोलणें झालें. तेवढ्यांत वारा अनुकूल झाला, आणि कॅव्हेंडिशनें शिडें उभारलीं. त्या समुद्रांत अनुकूल वारा किती दुर्मिळ, हें ध्यानांत घेतलें तरी या कृत्याचें समर्थन होत नाहीं. पुढें राजाच्या नांवाच्या गांवीं जाऊन त्यानें पाहिलें तों घराघरांतून प्रेतें पडलेलीं होतीं. तेथील तोफा त्यानें काढून घेतल्या आणि त्या जागेस 'उपासमारीचें बंदर' असें नांव ठेविलें. तेंच आजवर नकाशावर टिकलें आहे. एर्नान्देस पुढें चिलीच्या किनाऱ्यावर निसटला. १६२० सालीं लिमा येथें त्यानें शपथेवर दिलेली जबानी उपलब्ध आहे, म्हणूनच हें सारें आज सांगतां येतें. किनाऱ्यावर राहिलेल्यांपैकीं आणखी एकच माणूस १५९० सालीं दुसऱ्या एका इंग्रजी जहाजास आढळला.

दार बंद करण्याचा दुसरा प्रयत्न किल्ल्यांनीं नव्हे, तर कागदानें झाला. डच ईस्ट इंडिया कंपनीला १६०२ सालीं जी सनद मिळाली तिच्यांत केप ऑफ गुड होप व मॅगेलनची सामुद्रधुनी या दोन्ही वाटांनीं पूर्वेकडे जाण्याचा हक्क तिच्याशिवाय इतर डच व्यापाऱ्यांस मनाई करण्यांत आला होता. कंपनीशीं वैर पत्करलेल्या इझाक ल मेर या व्यापाऱ्यानें सनदेचे शब्द बारकाईनें वाचले. तिसरी वाट सांपडली तर सनद तिला लागू होत नाहीं! होर्न या गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून दोन जहाजें सज्ज केलीं, आणि १६१५ च्या जूनमध्यें इझाकचा मुलगा याकोब व अनुभवी कप्तान शाउटन हे निघाले. वाटेंत तळ साफ करण्यासाठीं जाळ केला असतां लहान जहाज आगीनें जळून गेलें. उरलेल्या एका जहाजानें १६१६ च्या जानेवारीअखेर अग्निभूमीच्या पूर्वेस एक नवी फट शोधली व २९ तारखेस शेवटच्या खडकास वळसा घातला. जळालेल्या जहाजाचें व गांवाचें नांव त्या खडकास मिळालें; इंग्रजी उच्चारानें त्याचें हॉर्न झालें. तें खडकाळ टोंक ज्यावर आहे तें एक लहानसें बेट आहे, खंडाचा भाग नव्हे.

भूगोलानें दाद दिली, परंतु कंपनीनें दिली नाहीं. जाकार्ता येथें पोंचतांच कंपनीचा अधिकारी कून यानें, अशी तिसरी वाट असणेंच शक्य नाहीं, असें म्हणून जहाज जप्त केलें व दर्यावर्द्यांना मायदेशीं रवाना केलें. याकोब त्या परतीच्या प्रवासांत मरण पावला. बाप न्यायालयांत गेला, आणि निकाल अखेरीस त्याच्या बाजूनें लागला. मुलगा गमावून मिळविलेल्या या निकालाचा त्यास काय आनंद झाला असेल! हॉर्नची वाट खुली झाली ती अशी.

यानंतर शिडाच्या जहाजांनीं अरुंद सामुद्रधुनीपेक्षां हॉर्नचा उघडा समुद्रच पसंत केला. हें प्रथम विचित्र वाटतें. पण तोंडावर वारा असला म्हणजे शिडाच्या जहाजास नागमोडी चालावें लागतें, व त्यास लागते जागा. सामुद्रधुनींत दोन्हीकडे खडक; मोकळ्या समुद्रांत निदान आपटण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र तेथेंही किंमत मोजावी लागे. इंग्लंडच्या अ‍ॅन्सनचीं सहा लढाऊ जहाजें १७४१ च्या मार्चमध्यें, म्हणजे हिंवाळ्याच्या तोंडीं, या वाटेस लागलीं. हिरड्या सुजून दांत गळविणाऱ्या स्कर्व्ही रोगानें खलाशी पटापट मेले, एक जहाज फुटलें, दोन मागें फिरलीं, तीनच पलीकडे पोंचलीं. १७८८ सालीं 'बाउंटी' जहाजाचा कप्तान ब्लाय सुमारें महिनाभर झगडला आणि शेवटीं पाठ फिरवून आफ्रिकेच्या बाजूनें पृथ्वीला उलटा वळसा घालून ताहितीस गेला. वारा तोंडावर घेण्यापेक्षां अर्ध्या पृथ्वीचा फेरा त्यास सोपा वाटला, यांतच सर्व आलें. १८४९ नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्यानें वेड लावलेल्या लोकांनीं याच वाटेनें गर्दी केली. १८५१ सालीं 'फ्लाइंग क्लाउड' या वेगवान जहाजानें न्यूयॉर्कहून सान फ्रान्सिस्को ८९ दिवसांत गांठलें.

सामुद्रधुनीला पुनः दिवस आले ते वाफेमुळें. वाऱ्याची पर्वा न करणारें आगबोटींचें यंत्र अरुंद वाटेंतून सरळ जाऊं शके. १८४० सालीं 'चिली' व 'पेरू' या दोन आगबोटी तेथून गेल्या. १८४३ सालीं चिली सरकारनें उपासमारीच्या बंदराजवळच लांकडी किल्ला बांधला, आणि पांच वर्षांनीं उत्तरेस, अधिक सोयीच्या जागीं, पुंता आरेनास शहर वसविलें. जातां-येतां कोळसा घेणाऱ्या आगबोटींनीं त्यास बरकत आणली. पुढें मेंढ्या आल्या, मेंढ्यांसाठीं कुंपणें आलीं, आणि अग्निभूमीच्या माळावर ग्वानाको हा प्राणी मारून जगणाऱ्या सेल्कनाम लोकांस मेंढ्या मारल्याबद्दल गोळ्या घालण्यासाठीं पैसे देऊन माणसें ठेवण्यांत आलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांहीं वर्षांतच ती जमात जवळजवळ नाहींशी झाली.

राहिली मधली वाट. 'बीगल' या इंग्रजी पाहणीजहाजाच्या लोकांना १८३० सालीं तिचा शोध लागला, म्हणून तिला त्या जहाजाचें नांव. यामाना लोकांना तो शोध लावण्याची गरज नव्हती; ते हजारों वर्षें तिच्या कांठीं राहत होते. झाडाच्या सालीची शिवलेली होडी हेंच त्यांचें घर. तिच्या मध्यभागीं माती व दगड पसरून त्यावर शेकोटी पेटती ठेवीत. होडी वल्हविण्याचें व थंडगार पाण्यांत बुड्या मारून शिंपले आणण्याचें काम स्त्रियांचें होतें. अंगावर सीलची चरबी चोळलेली, कपडा जवळजवळ नाहीं. ज्या समुद्राचें वर्णन करतांना युरोपीय खलाशांचे शब्द संपत, तेथें हीं कुटुंबें मुलांबाळांसह रोज वावरत.

कप्तान फिट्झरॉयची एक होडी चोरीस गेली, तेव्हां ओलीस म्हणून त्यानें कांहीं माणसें धरलीं, आणि चौघांना घेऊन तो इंग्लंडला परतला. त्यांतील एका मुलाच्या बदल्यांत शिंपल्याचें एक बटण दिलें गेलें म्हणून त्याचें नांव पडलें जेमी बटन. त्याचें खरें नांव ओरुन्देल्लिको. एक जण देवीनें दगावला. उरलेल्या तिघांना इंग्रजी शिकविलें, कोट-पाटलोण चढविले, राजाराणीची भेट घडविली. १८३३ च्या जानेवारींत 'बीगल'नें त्यांना परत आणलें. बरोबर एक तरुण मिशनरी होता, आणि भाविक लोकांनीं दिलेल्या भेटींत चहाचीं तबकें, सूपचीं भांडीं व पांढरें शुभ्र कापड होतें. मिशनरी फार दिवस तग धरूं शकला नाहीं. वर्षभरानें जहाज फिरून आलें तेव्हां जेमी होडींतून आला तो रोडावलेला, उघडा, केस विस्कटलेले. कप्तानाबरोबर तो जेवावयास बसला, कांटेचमचे पूर्वीसारखे वापरले, आणि पुनः इंग्लंडला येण्यास त्यानें साफ नकार दिला. त्यास बायको मिळाली होती. त्यानें मित्रांना कातडीं व भाले भेट दिले, आणि जहाज निघालें तेव्हां किनाऱ्यावर निरोपाची शेकोटी पेटविली. त्याच जहाजावर चार्ल्स डार्विन होता. तो या लोकांच्या भाषेस भाषा म्हणण्यासही कचरला. पुढें टॉमस ब्रिजेस या मिशनऱ्यानें तीच भाषा आत्मसात केली व तिचा कोश केला. त्यांत तीस हजारांहून अधिक शब्द भरले!

मिशनऱ्यांचाही मार्ग रक्ताशिवाय झाला नाहीं. १८५९ सालीं वुलाइया येथें त्यांच्यापैकीं आठ जणांना यामानांनीं मारलें, आणि त्यांत जेमीचा हात होता कीं नाहीं याचा निर्णय कधींच लागला नाहीं. पण ब्रिजेस टिकला. उशुआया येथें त्याची वस्ती होती, आणि तेथें १८८४ सालीं अर्जेंटिनाचीं सरकारी जहाजें आलीं. त्यानंतर लगेच गोंवर पसरला. कधीं न पाहिलेल्या या रोगानें त्या परिसरांतील निम्म्याच्या आसपास माणसें थोड्या काळांत मेलीं. कोश वाढत होता आणि तो बोलणारे घटत होते. यामाना ही मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ति, क्रिस्तिना काल्देरोन ही वृद्धा, १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं निवर्तली. नातीच्या साहाय्यानें तिनें आपल्या भाषेंतील शब्द व कथा लिहवून ठेविल्या होत्या. यामाना वंशाचीं कुटुंबें तेथें आजही आहेत. त्यांना ती भाषा आतां पुस्तकांतून शिकावी लागते.

दोन्ही राष्ट्रांनीं ही भूमि १८८१ च्या तहानें वांटून घेतली, आणि मॅगेलनची सामुद्रधुनी सर्व राष्ट्रांच्या जहाजांस खुली राहील असें ठरविलें. बीगल खाडीच्या पूर्व तोंडाशीं असलेल्या तीन लहान बेटांचा तंटा मात्र राहून गेला. त्यापायीं १९७८ च्या डिसेंबरांत चिली व अर्जेंटिना युद्धाच्या उंबरठ्यावर आलीं. पोपच्या मध्यस्थीनें १९८४ सालीं तह होऊन बेटें चिलीकडे गेलीं. पनामाच्या कालव्यानें या वाटांवरील रहदारी १९१४ नंतर झपाट्यानें ओसरविली होती. तरी ती अगदीं थांबली नाहीं. कालव्यांत न मावणारीं जहाजें येथूनच जातात, आणि २०२३ सालीं पनामांत अवर्षण होऊन कालव्यास पाणी कमी पडलें तेव्हां कांहीं कंपन्यांना या जुन्या वाटेची पुनः आठवण झाली.

शिडाचीं जहाजें आतां हॉर्नला जातात तीं हौसेनें वा कसोटीसाठीं. मांडवी नदींतील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई' या नौकेंतून भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून एकटेच निघाले, आणि १९ मे २०१० रोजीं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईस परतले. असें करणारे ते पहिले भारतीय होत. गोव्यांतच बांधलेल्या 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनीं २०१७-१८ मध्यें, व दोघींनींच २०२४-२५ मध्यें, हीच प्रदक्षिणा केली. या सर्वांनीं हॉर्न ओलांडलें तें न्यूझीलंडकडून येतांना, पश्चिमेकडून पूर्वेकडे, वारा पाठीवर घेऊन. तरीही ती लाट लहान होत नाहीं.

भूशिराजवळून जाणाऱ्या नौकेस हवा बरी असेल तर बेटाच्या माथ्यावर दीपगृह व एक घर दिसतें. तेथें चिलीच्या नौदलाचा दीपरक्षक नेमलेला असतो, आणि नेमणूक असेपर्यंत तो बायकोमुलांसह तेथेंच राहतो. दिवा सांभाळणें, वाऱ्याची व हवेची नोंद ठेवणें, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक जहाजास बिनतारी यंत्रावरून नांव व ठिकाण विचारणें, हें त्याचें काम आहे.